लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि ठिसूळ हाडांचा प्रश्न

लेण्याद्रीच्या डोंगरावर रज्जुमार्ग व्हावा, ही मागणी नवी नाही. जुन्नरपासून थोड्याच अंतरावर, कुकडीच्या खोऱ्यात गोळेगावलगत उभ्या असलेल्या या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत आणि त्यांपैकी सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे स्थान आहे. तेथे पोहोचण्यास तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. अष्टविनायकांपैकी डोंगरावर, लेण्यात वसलेला हा एकच गणपती. त्यामुळे यात्रेच्या गाडीतून उतरलेल्या मंडळींचे पायथ्याशी गट पडतात. धडधाकट वर जातात, काही जण डोलीची चौकशी करतात, आणि काही प्रौढ स्त्रिया खालूनच हात जोडून पिशव्या सांभाळीत बसून राहतात.

अशा यात्रेकरूंचा प्रवास अलीकडे सोपा झाला आहे. राज्याच्या एस.टी.तून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळतो, स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे, आणि २०२४ साली साठीपुढील नागरिकांसाठी तीर्थदर्शन योजनाही जाहीर झाली. शासन वृद्धांना देवाच्या दारापर्यंत आणते, मग पायऱ्यांशीच त्यांना का सोडावे, असा युक्तिवाद रज्जुमार्गाचे समर्थक करतात. तो चुकीचा नाही. अपंग, हृदयरोगी आणि अतिवृद्ध यांचा दर्शनावरील हक्क इतरांइतकाच आहे. लेण्यांच्या पुरातन वास्तूला धक्का न लावता तशी सोय होणार असेल, तर तिला विरोध करण्याचे कारण नाही.

तथापि रज्जुमार्गाने दर्शनाचा प्रश्न सुटला, तरी पंचावन्न-साठीच्या बाईला तीनशे पायऱ्यांची धास्ती का वाटावी, हा प्रश्न पायथ्याशीच राहणार आहे. त्याची उत्तरे अनेक आहेत. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला धाप लागते. परंतु एक उत्तर असे आहे की, ज्याची नोंद ना घरात होते, ना सरकारी दप्तरात. ते म्हणजे हाडांचा ठिसूळपणा.

न बोलणारा विकार

वैद्यकशास्त्र त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणते. मराठीत त्यासाठी अस्थिसुषिरता असा शब्द आहे. खेड्यात मात्र ‘हाडे झिजली’, ‘मणक्यात गॅप पडली’, ‘कमरेत उसण भरली’ अशा शब्दांत सारेच एका गाठोड्यात बांधले जाते. हा विकार स्वतः दुखत नाही, आणि तेच त्याचे कपट आहे. हाड आतून विरळ होत जाते. मग एके दिवशी ओल्या मोरीत पाय घसरून मनगट मोडते, खुबा मोडतो, किंवा पडल्याचे निमित्तही न होता, केवळ भरलेली घागर उचलताना मणका दबतो. बाईला वाटते, उसण भरली. दोन-चार मणके असे दबले की उंची घटते आणि पाठीला पोक येतो. त्यास म्हातारपणाचा धर्म समजून घरचे सोडून देतात.

हाड हा निर्जीव दगड नव्हे. जुने हाड खोदून काढणाऱ्या आणि नवे हाड भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशींचे काम शरीरात अहोरात्र चालू असते. तिशीच्या सुमारास हाडांची शिल्लक सर्वाधिक असते. पुढे खर्च हळूहळू जमेहून वाढू लागतो, आणि स्त्रीची पाळी गेल्यावर काही वर्षे तो फार वेगाने वाढतो. भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीच्या मानाने काही वर्षे आधीच जाते, म्हणजे तिचा हा उताराचा काळही आधीच सुरू होतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने अस्थिघनतेच्या मोजमापावरून या विकाराची व्याख्या ठरवून दिली. परंतु ते मोजमाप करणारे यंत्र मोठ्या शहरांच्या बाहेर सहज हाताशी लागत नाही. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. जगात पन्नाशीनंतर दर तीन स्त्रियांत एकीला, तर दर पाच पुरुषांत एकाला या कारणाने अस्थिभंग होतो, असा अंदाज आहे. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात २००९ साली झालेल्या मोजणीत पन्नाशीपुढील दर लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडल्याचे आढळले. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचवा हिस्सा वर्षभरात दगावतो, आणि जगलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही, असा पाश्चात्त्य देशांचा अनुभव आहे. जेथे शस्त्रक्रिया लांबते आणि नंतर चालविणारे कुणी नसते, तेथे परिस्थिती याहून बरी असण्याचे कारण नाही.

कष्ट आणि व्यायाम

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. हा शहरातील बैठ्या बायकांचा रोग आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतात राबणारीला व्यायामाचे धडे कशाला हवेत? वरवर पाहता आक्षेप बिनतोड वाटतो. या दोन तालुक्यांतील कांदा, टोमॅटो, बटाटा आणि पालेभाज्या ज्या हातांनी पिकतात, त्यांत बाईचे हात मोठ्या संख्येने आहेत. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात मोळी आणि हंडा यांचा भार तिच्याच डोक्यावर असतो. ही बाई बैठी आहे, असे कोण म्हणेल?

परंतु आकडे वेगळे सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या २८९ स्त्रियांची पाहणी करून २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांच्या खुब्याच्या हाडात ऑस्टिओपोरोसिस आढळला. त्यांच्या आहारात रोज सरासरी २७० मिलिग्रॅम कॅल्शियम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस रोज १००० आणि पाळी गेलेल्या स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. म्हणजे गरजेच्या चौथा हिस्सा घेऊन ही शरीरे राबत होती. गरिबीने त्यांना श्रमांतून सूट दिली नव्हती. फक्त त्या श्रमांतून हाड भरण्यास लागणारे सामान दिले नव्हते.

विसंगती अशी की, हे सामान याच तालुक्यांत पिकते. पश्चिम पट्ट्यातील नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि पेलाभर दुधात सुमारे २४०. परंतु नाचणीची भाकरी गरिबीची खूण ठरून ताटातून मागे पडत गेली, आणि दूध पहाटेच डेअरीच्या कॅनमध्ये जाते. दूध विकून घर चालते, हे खरे. पण ज्या घरात म्हैस आहे, त्या घरातील बाई कोरा चहा पिते आणि शेवटी उरलेले जेवते, ही गोष्ट अर्थशास्त्राची तशीच कुटुंबातील पंक्तीच्या क्रमाचीही आहे.

दुसरे कारण श्रमांच्या जातीत आहे. कांद्याची लागवड आणि खुरपणी तासन् तास कमरेत वाकून होते. हाडाला बळ देणारा भार वेगळा आणि त्याला नुसता थकविणारा भार वेगळा. १८९२ साली जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी असे प्रतिपादन केले की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड असते. उलट, वजनविरहित अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीराच्या खुब्याचे हाड दर महिन्यास एक ते दीड टक्क्याने घटते. मात्र हाड त्याच त्या सवयीच्या भाराला फारसे दाद देत नाही. भार नेहमीहून अधिक, थोडा वेळ, योग्य दिशेने आणि मध्ये विश्रांती देऊन पडावा लागतो. दिवसभर वाकून केलेल्या खुरपणीत यांतील एकही अट पुरी होत नाही.

याहून कठोर कथा ऊसतोड मजूर स्त्रियांची आहे. हंगामात या दोन तालुक्यांच्या फडांतही तोडणीच्या टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. त्या वेळच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले होते. गर्भाशयासोबत बीजाशयही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडांची झीज दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होते. त्यानंतरही डोक्यावरची मोळी उतरत नाही.

कोणता भार, कोणती भीती

हाडे ठिसूळ झाल्याचे निदान होताच रोग्यास मिळणारा पहिला सल्ला बहुधा निषेधाचा असतो: वजन उचलू नका, जिने चढू नका, जपून राहा. त्यामागील काळजी समजण्यासारखी आहे. परंतु जपण्याचा अर्थ बसून राहणे असा झाला की स्नायू गळतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याची भीती होती तेच जवळ येते. भीतीने घातलेले हे पथ्य रोगाचेच काम करते.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात झालेला प्रयोग या दृष्टीने लक्षणीय आहे. अस्थिघनता घटलेल्या १०१ प्रौढ स्त्रियांपैकी एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजन उचलण्याचा आणि उडीचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली. यावरून कुणी घरच्या घरी धान्याचे पोते उचलू लागेल, तर मात्र अनर्थ ओढवेल. त्या स्त्रियांची आधी तपासणी झाली होती आणि भार पायरीपायरीने वाढविला गेला होता.

कोणता व्यायाम टाळावा, हेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये मणक्यांचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. पाठ मागे ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांचे मणके पुढे नव्याने दबले. पुढे वाकण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के निघाले, तर काहीच व्यायाम न करणाऱ्यांत ६७ टक्के. अभ्यास लहान होता, पण त्याचा इशारा स्पष्ट आहे. योगासनांच्या वर्गात सरसकट सर्वांना पश्चिमोत्तानासन आणि हलासन घालावयास लावणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवला पाहिजे. योग वाईट नाही. भिंतीच्या आधाराने केलेले वृक्षासन किंवा पालथे पडून छाती थोडी उचलणे हितकारकच आहे. प्रश्न निवडीचा आहे. आणि हा इशारा दिवसभर वाकणाऱ्या शेतमजूर बाईलाही लागू आहे. ओळीतल्या पिकात सायकल कोळपे, लांब दांड्याची अवजारे, खुरपताना मधूनमधून उभे राहून पाठ मागे ताणणे, आणि ओझे कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकून उचलणे हे तिच्यासाठी औषधाइतकेच मोलाचे आहे.

व्यायामाचा महिमा अवास्तव वाढविण्याचेही कारण नाही. त्याने अस्थिघनता एक-दोन-तीन टक्क्यांनीच वाढते, आणि नुसत्या चालण्याने मणक्यांत फारसा फरक पडत नाही. ज्याचे हाड एकदा मोडले आहे त्यास औषधाची गरज असते आणि व्यायाम त्याची जागा घेऊ शकत नाही. व्यायामाचा खरा लाभ दुसरीकडे आहे. २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की, व्यायामाने वृद्धांचे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते. तोल आणि पायांतील बळ वाढविणारे व्यायाम यात सर्वांत उपयोगी ठरले. पडलेच नाही, तर ठिसूळ खुबाही बहुधा शाबूत राहतो.

शस्त्रक्रियेला पैसा, प्रतिबंधाला विसर

आता शासनाच्या भूमिकेकडे वळावे लागेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येक नागरिकास आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. राज्याच्या वयोश्री योजनेखाली पासष्टीपुढील पात्र व्यक्तींना काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा इत्यादींसाठी तीन हजार रुपये देण्याचे २०२४ साली ठरले. दोन्ही योजना स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा क्रम पाहावा. मोडलेल्या खुब्यासाठी लाखो रुपयांची तरतूद आहे, वाकलेल्या पाठीसाठी पट्टा आहे. खुबा मोडू नये आणि पाठ वाकू नये यासाठी गावात नेमके काय आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र सापडत नाही.

यंत्रणा नाही, असे नाही. गावोगावची आरोग्य उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिरे म्हणून ओळखली जातात, वृद्धांची शुश्रूषा त्यांच्या कामांत समाविष्ट आहे आणि तेथे योगवर्गही अपेक्षित आहेत. तिशीपुढील व्यक्तींचा रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग तपासण्याची मोहीम याच केंद्रांतून चालते. तिच्यात दोन-तीन साध्या गोष्टींची भर घालण्यास मोठा खर्च येणार नाही. तरुणपणाच्या मानाने उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली आहे काय? भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यावर डोके भिंतीला टेकते काय? हात न टेकता खुर्चीवरून उठता येते काय? पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने कोणते हाड मोडले आहे काय? यासाठी फूटपट्टी आणि खुर्ची पुरते. ज्यांची उत्तरे शंकास्पद, त्यांनाच तपासणीसाठी शहरात पाठविले तर यंत्राचा उपयोगही नेमका होईल.

दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. १९९९ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एक साधी व्यवस्था सुरू झाली: पन्नाशीपुढील कुणाचेही हाड मोडून तो रुग्णालयात आला की, प्लॅस्टर घालून त्यास घरी न पाठविता त्याच्या हाडांची तपासणी, औषध आणि व्यायाम यांची जबाबदारी एका परिचारिकेकडे सोपवायची. पहिले मोडलेले मनगट ही दुसऱ्या, अधिक मोठ्या अपघाताची आगाऊ सूचना असते. ग्रामीण रुग्णालयांतून प्लॅस्टर घालून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर ही सूचना न वाचताच परत जाते.

तिसरी गोष्ट वर्गाची. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, समाजमंदिरात किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर: खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंत धरून चवड्यांवर उभे राहणे, एका पायावर तोल सांभाळणे, पाण्याने भरलेली बाटली घेऊन एक पायरी चढणे-उतरणे, आणि महिन्यागणिक बाटलीच्या जागी मोठा कॅन. अलीकडे हाड मोडलेल्या, पाठीत अचानक तीव्र कळ आलेल्या, घेरी येणाऱ्या वा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून यात उतरू नये. हे काम आशा कार्यकर्तीच्या डोक्यावर आणखी एक विनावेतन हंडा म्हणून ठेवले गेले, तर मात्र ते पहिल्याच महिन्यात बंद पडेल. त्यासाठी स्वतंत्र मानधन आणि भौतिकोपचारतज्ज्ञाची तालुकावार देखरेख हवी. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात असे किती वर्ग चालतील, याचा हिशेब अर्थखात्याने एकदा करून पाहावा.

शाळेच्या मैदानापासून

या प्रश्नाचे मूळ मात्र म्हातारपणात नाही, बालपणात आहे. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंतच जमा होते आणि पुढील सारे आयुष्य तिच्यावर काढावे लागते. उड्या, दोरी, खो-खो, लंगडी यांतून वाढत्या हाडाला जो लाभ होतो, तो पुढे कोणत्याही गोळीने भरून निघत नाही. असे असता शाळेतील खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी घेतला जातो, आणि मुलगी वयात आली की तिचे मैदान घरच्यांकडून आधी सुटते. जो समाज दहावीच्या टक्क्यांसाठी मुलीची दोरी काढून घेतो, तो तिच्या साठीतल्या काठीची तरतूद तेव्हाच करून ठेवतो. शिक्षकांना आणि कारकुनांना तर हा प्रश्न स्वतःचाही आहे. त्यांच्या कामात ना ऊन आहे, ना ओझे. खुर्ची मात्र तीस वर्षांची आहे.

पुराणकथा सांगते की, पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने याच डोंगरात बारा वर्षे तप केले. येथील देवाला नावही आईवरूनच मिळाले. त्या आईच्या डोंगराशी येऊन आजच्या कित्येक आया वर न जाताच परततात. लेण्याद्रीची दगडी पायरी माणसांच्या पावलांनी झिजत जाते. माणसाचे हाड मात्र योग्य अन्न आणि बेताचा भार मिळाला की भरून निघते. रज्जुमार्ग बांधायचा तर अवश्य बांधावा. परंतु तो ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी असावा. ज्यांना त्या चढता आल्या असत्या, अशांची संख्या दरवर्षी घटत जाणे हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे. पुढच्या पिढीतील किती बाया साठीनंतरही आपल्या पायांनी गिरिजात्मजापर्यंत पोहोचतात, यावरूनच या तालुक्यांच्या आरोग्यकारभाराची खरी परीक्षा होईल.